सांधा सोडवेना

लातूरला गंजगोलाईच्या अंगाला महांतेशचं पाईप-फिटिंगचं दुकान आहे. वडिलांनी, गुरुपादप्पांनी, उभं केलेलं. येणाऱ्याला कोपर हवा असतो, टी हवी असते, सोल्युशनचा डबा हवा असतो. काउंटरमागचा चाळिशीचा माणूस एका हातानं माल काढून देतो आणि दुसऱ्या हातानं मोबाईल चाळत राहतो. गिऱ्हाइकाला वाटतं, ह्यालाबी रील्सचं याड लागलं.

त्या रील्स नव्हत्या, तक्रारी होत्या. कुणी कोरियातून लिहिलेलं असायचं, कुणी ब्राझीलमधून, आणि सगळ्यांना उत्तर आजच हवं असायचं.

महांतेश 'सांधा' नावाचा लिंकर सांभाळायचा. प्रोग्राम लिहिणारे लोक तो एका फायलीत लिहीत नाहीत, शेकडो तुकड्यांत लिहितात. प्रत्येक तुकड्याला दुसऱ्या तुकड्यातलं काहीतरी लागतं, पण ते कुठं आहे हे त्याला ठाऊक नसतं. लिंकर सगळे तुकडे एकापुढं एक मांडतो, प्रत्येकाला जागा देतो, ज्याला जे हवं ते त्याला जोडून देतो. मग कुठं प्रोग्राम चालतो. सांधा लहान चिपांसाठी होता, म्हणजे विजेची मीटरं, ठिबकचे टायमर, दवाखान्यातली यंत्रं. फुकट होता आणि उघडा होता. कुणीही घ्यावा, आत डोकावावं, बदल सुचवावा. मात्र सुचवलेला बदल आत घ्यायचा की नाही, हे एकटा महांतेश ठरवायचा.

हे सगळं त्यानं एकदा वडिलांना सांगितलं होतं. अर्धांगाच्या झटक्यानंतर अप्पा दुकानाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसत. ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "म्हंजे दोन पाईप जोडायचं सॉकेटच की."

"हाव अप्पा. सॉकेटच."

"अन् फुकट देतोस?"

"हाव."

"फुकट घेणाऱ्याचं इक्तं ऐकून कामून घेतोस रे मग?"

महांतेश खोक्यातला कोपर शोधायला लागला.

सांधा जन्मला नांदेडला, इंजिनिअरिंगच्या होस्टेलात. महांतेश आणि त्याचा रूममेट दयानंद, दोघांनी मिळून लिहिला. दयानंद हदगावकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, डोक्यानं भलताच तल्लख आणि हातानं तितकाच अघळपघळ. कुठल्या नावाचा तुकडा कुठं जोडायचा, हा अवघड भाग त्यानं आठवडाभरात लिहून टाकला होता. पुढं महांतेश पुण्याला नोकरीला गेला, सांधा जगभर गेला, आणि दयानंद हळूहळू दिसेनासा झाला. मग अप्पांना झटका आला. महांतेश दोन-चार महिन्यांसाठी म्हणून लातूरला आला तो काउंटरमागं बसला. बायको मंजुषा, पुण्यातल्या भाड्याच्या घरातलं सामान, मुलीची शाळा, सगळं मागोमाग आलं. दोन-चार महिने कधीच सरून गेले होते. परत जायचा विषय आता घरात कुणी काढत नव्हतं.

मग एका साली उन्हाळ्याच्या तोंडावर पोर्तुगालमधल्या एका बाईंची मेल आली. कानाची यंत्रं बनवणाऱ्या लहानशा कंपनीत त्या काम करत. त्यांच्या प्रोग्राममध्ये एकाच नावाचे दोन तुकडे होते, एक खरा आणि एक फक्त चाचणीपुरता. आवाज किती वाढू द्यायचा ते हा तुकडा ठरवायचा. कुणीतरी फायलींचा क्रम बदलला आणि सांध्यानं मुकाट्यानं चाचणीचा तुकडा उचलला. यंत्र एका म्हाताऱ्या सुताराच्या कानात होतं. जेवताना हातातला चमचा ताटात पडला, तो आवाज यंत्रानं इतका वाढवला की माणूस खुर्चीवरून खाली आला. त्या कानानं आधी जेवढं ऐकू यायचं तेवढंही आता येत नव्हतं.

बाईंनी रागानं लिहिलं नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं : चूक आमची आहे, आम्ही तपासायला हवं होतं. पण एकाच नावाचे दोन आहेत, एवढं सांध्यानं आम्हाला सांगायला नको होतं का?

महांतेशनं मेल वाचली, मोबाईल उलटा ठेवला, एका गिऱ्हाइकाला अर्ध्या इंचीऐवजी पाऊण इंचीची टी दिली. त्याला हे माहीत होतं. बरीच वर्षं माहीत होतं. हा मुकेपणा दयानंदच्या त्या आठवड्यातल्या घाईचा भाग होता. दोन सारखी नावं आली की जे आधी दिसेल ते उचलायचं, बोलायचं नाही. महांतेशनं एकदा तो भाग दुरुस्त करून पाहिला होता. त्याबरोबर किती तरी लोकांचे प्रोग्राम जुळेनासे झाले, कारण नकळत सगळेच त्या मुकेपणावर विसंबून होते. इतक्या शिव्या आल्या की त्यानं दुरुस्ती मागं घेतली आणि सगळ्यांना जाहीर शब्द दिला, आज जे चालतंय ते उद्याही चालेल.

आता शब्द पाळावा तर उद्या अजून कुणाचा तरी कान जाणार, आणि मोडावा तर पुन्हा तोच गदारोळ. त्यानं बाईंना उत्तर लिहायला घेतलं आणि अर्ध्यात सोडलं. दुसऱ्या दिवशीही सोडलं. मग ती मेल खाली खाली जात राहिली, पण त्याच्या डोक्यातून हलली नाही.

थोड्याच दिवसांत त्याच चुकीची दुरुस्ती बाहेरून आली. पाठवणाऱ्याचं नाव होतं 'लोहा-डीपी'. दोन वर्षं हा इसम नेमानं बदल पाठवत होता आणि महांतेश त्यातले बरेचसे परत करत होता. नावावरून तो त्याला दिल्लीकडचा, लोखंडाचा शौकीन वगैरे समजत असे. काम स्वच्छ होतं. एका नावाचे दोन दिसले की सांधा ते सांगून थांबेल, आणि ज्याला जुनंच हवं त्याला एक खटका दिलेला. महांतेशनं हरकती काढल्या. लोहा-डीपीनं सगळ्या निवारल्या. महांतेशनं नव्या काढल्या.

मंजुषाच्या धाकट्या भावाचं लग्न निलंग्याला होतं. मांडवात अक्षता पडत होत्या आणि महांतेश मोबाईलवर कुणा कोरियन माणसाला समजावत होता. अक्षता त्याच्या मुठीतच राहिल्या. मंजुषा जवळ आली, हळूच म्हणाली, "अहो, तुम्ही हिथं हायेत का?"

एवढंच म्हणाली. पण लातूरला परतल्यावर महांतेशनं जाहीर करून टाकलं की मी सांध्याचं काम थांबवतोय.

त्याला वाटलं होतं, आता सुटलो. झालं भलतंच. लोकांनी आभार मानले आणि त्याच खाली आपापल्या अडचणी लिहिल्या. एका कंपनीनं सुनावलं की निदान वर्षभर आधी कल्पना द्यायला हवी होती. काहींनी सांध्याच्या प्रती काढून आपलं वेगळं दुकान थाटलं, मग त्यांच्यात भांडणं लागली, आणि प्रत्येक भांडणात निवाड्याला महांतेशलाच हाक. पहिल्यापेक्षा दुप्पट बेजार झाला. शेवटी दुकान मंजुषावर टाकून त्यानं नांदेडची एसटी धरली आणि तिथून हदगाव.

दयानंदच्या शेतात हळद शिजत होती. लोखंडी ड्रमातून वाफ निघत होती, आणि डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पोट सुटलेला दयानंद बायांना ओरडून काहीतरी सांगत होता.

"म्हांत्या! अरे, फोन तरी करायचास लेका!"

झाडाखाली बाज टाकली, चहा आला. महांतेशनं फार आडवळण घेतलं नाही. "दया, सांधा तू घे. निम्मा तुझाच हाय."

दयानंद हसायला लागला. मग मित्राचा चेहरा बघून थांबला. "दाखव बरं."

महांतेशनं मोबाईलवर तो भाग काढून दिला. दयानंदनं पिवळ्याजर्द अंगठ्यानं वर-खाली केलं. "हे म्या लिव्हलं?"

"तूच की."

"आता मला काईच कळून न्हाई राहिलं ह्यातलं." त्याला त्याचं वाईट वाटल्याचं दिसलं नाही.

महांतेशनं सुताराच्या कानाचं सांगितलं. दयानंदनं डोक्याचा टॉवेल सोडला. ड्रमाकडं बघत राहिला. "लई वाईट झालं," तो म्हणाला. "मंग कर ना नीट. काहून थांबलास?"

"केलं तर किती जणांचं बंद पडंल."

"पडू दे. त्यांचं ते बघतील. त्यांना हात न्हाईत का?"

"मी शब्द दिलाय."

"कोणाला?"

महांतेशला नाव सांगता येईना. त्यानं उलट विचारलं, "तू कसं सोडलंस रे?"

"म्या कुठं सोडलं? एक दिवस उघडलं न्हाई. दुसऱ्या दिवशी बी न्हाई. खरं सांगू? मला याद बी आली न्हाई." मग जरा पुढं सरकून दयानंद म्हणाला, "मागणारं कोणीच न्हाई का?"

"मागणारे लई हायेत."

"अन् त्यातला एक बी तुझ्या मनाला येईना?"

महांतेशनं कप खाली ठेवला. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून तो चिडत राहिला. दयानंदवर, ज्याला यादसुद्धा आली नव्हती. अहमदपूर गेलं तरी राग उतरला नाही. तो कशाचा आहे हे मात्र त्याला नीट सांगता आलं नसतं.

त्या आठवड्यातच दुकानात एक तरुण बाई आली. पाठीला सॅक, पायांत धुळीच्या चपला. तिनं कोपर मागितला नाही.

"महांतेश सर तुम्हीच ना? मी धम्मप्रिया."

"कोण?"

"लोहा-डीपी."

महांतेश बघतच राहिला. "मला वाटलं, तुम्ही कुठल्या तरी..."

"लोहा म्हंजे आपलं लोहा, सर. नांदेडहून येताना लागतं ते. आता नांदेडला पॉलिटेक्निकवर शिकवते."

अप्पांनी डाव्या हातानं स्टूल पुढं सरकवलं. "लोह्याची हायस व्हय? बस की माय. च्या घे."

ती बसली. चहाचा कप हातात घेतला, पण प्यायली नाही. "सर, माझ्या दुरुस्तीत चूक दाखवा. मी आत्ता उठून जाते."

महांतेशनं फिटिंगच्या खोक्यांकडं पाहिलं. "चूक न्हाई."

"मग दोन महिने काय चाललंय?"

"लोक ओरडतील."

"ओरडतीलच. आम्हालाबी उत्तरं देता येतात. तुम्ही सोडतो म्हणून लिहिलंत, पण कोणाच्या हाती देताय ते कुठंच न्हाई लिहिलं. मी वाट बघितली, अन् एसटीत बसले."

दोन वर्षं ज्याची वाक्यंच्या वाक्यं तो खोडत होता, तो माणूस हा असा समोर, चहा गार करत बसलेला. महांतेशला शरम वाटली. त्यानं काउंटरवर लॅपटॉप उघडला आणि बदल आत घेण्याचा हक्क तिच्याही नावानं करून दिला; स्वतःचा तसाच ठेवला. तिनं मग चहा एका घोटात संपवला.

पहिले काही दिवस बरे गेले. धम्मप्रियानं रखडलेली कामं मार्गी लावली, भांडणाऱ्यांना एका जागी बोलावलं. महांतेश फक्त बघत होता. बघायचं मात्र त्यानं सोडलं नव्हतं. नवं काही आलं की मोबाईल थरथरायचा आणि त्याचा हात आपोआप जायचा.

मग तिनं ती दुरुस्ती आत घेतली. चार ठिकाणांहून ओरड सुरू झाली, ठिबकचे टायमर बनवणाऱ्या एकाची तर फारच. धम्मप्रिया एकेकाला शांतपणे उत्तर देत होती, खटका कुठं आहे ते दाखवत होती. पण टायमरवाल्यानं वर महांतेशचं नाव घेऊन लिहिलं, तुम्ही शब्द दिला होता.

भर दुपारची वेळ. समोर माणूस गेट व्हॉल्व्ह मागत उभा होता. महांतेशनं अंगठ्यानं, उभ्या उभ्याच, तिची दुरुस्ती मागं घेतली.

"ओ शेठ, व्हॉल्व्ह!"

"देतो, देतो." व्हॉल्व्ह काढून देताना त्याला हलकं वाटलं. खूप दिवसांनी छातीवरचं काही उतरल्यासारखं.

फोन वाजला. "सर, तुम्ही काढलंत ते?"

"लोक लई परेशान होते, धम्मप्रिया. जरा थांबू. पुढच्या..."

"ते माझ्यावर ओरडत होते, सर. मी बोलत होते त्यांच्याशी." तिचा आवाज चढला नव्हता. "एक सांगू का? राग येऊ देऊ नका. तुम्हाला सुटायचं न्हाई. तुम्हाला थकायचंय, अन् सगळ्यांनी ते बघायचंय."

महांतेशनं काउंटरवरची पावतीवही मिटली.

"माझा हक्क काढून टाका. त्या पोर्तुगालच्या बाईंना मी वेगळी प्रत करून देते. त्यांनी मलाबी लिहिलंय. तुमच्याकडनं उत्तर न्हाई आलं म्हणाल्या."

फोन बंद झाला. अप्पा खुर्चीतून बघत होते. "कोण व्हतं रे? ती लोह्याची?"

"हाव."

"शिव्या दिल्या का?"

"न्हाई. शिव्या न्हाईत."

"मंग खरं बोलली असंल," अप्पा म्हणाले आणि रस्त्याकडं तोंड वळवलं.

महांतेश आतल्या बाजूला, पाईपांच्या भाऱ्यांमध्ये जाऊन बसला. तिथं उकडत होतं. त्याला आधी तिचा राग आला, काल आलेल्या पोरीला काय कळतंय असा. मग टायमरवाल्याची ती ओळ त्यानं परत उघडली. तुम्ही शब्द दिला होता. आणि त्याच्या लक्षात आलं की ती वाचताना आपल्याला आतून बरं वाटलं होतं. कुणी तरी धम्मप्रियाला ओलांडून आपल्याकडं आलं होतं, म्हणून. सुताराचा कान आणि हे बरं वाटणं, दोन्ही एकाच दुपारी त्याच्याजवळ होतं.

तिथंच बसून त्यानं खाली गेलेली मेल वर काढली आणि पोर्तुगालला लिहिलं. दोष मला माहीत होता, लोक ओरडतील म्हणून मी तो राहू दिला, त्या सुतारकाकांना माझं नाव सांगा. पाठवून दिलं.

धम्मप्रियानं त्या दिवशी त्याचा फोन उचलला नाही. दुसऱ्या दिवशी तिचा तास संपल्यावर उचलला.

"तुमची दुरुस्ती मी परत घातलीय," महांतेश म्हणाला. "अन् माझा हक्क तुम्ही काढून टाका. माझ्या हातात राहिला तर मी परत तेच करीन."

पलीकडं पोरांचा गलका ऐकू येत होता. "मी न्हाई काढणार, सर. उद्या म्हणाल, तिनं मला हाकललं. तुम्हीच काढा."

त्यानं लॅपटॉप उघडला. खात्री करायला यंत्रानं प्रकल्पाचं नाव टाइप करायला सांगितलं. पहिल्या वेळी अक्षरं चुकली. दुसऱ्यांदा बरोबर आली, आणि ज्या पानावर इतकी वर्षं सगळी बटणं असायची तिथं आता कुठल्याही परक्याला दिसतं तेवढंच दिसू लागलं.

ओरड आणखी काही आठवडे चालली. टायमरवाला शेवटी खटका लावून गप्प झाला, आणि त्याला स्वतःच्या प्रोग्राममध्ये सारख्या नावाचे दोन तुकडे सापडले, हे त्यानं हळूच, कुणाच्या लक्षात येणार नाही असं लिहिलं. प्रती काढून बसलेल्यांपैकी दोघं धम्मप्रियाच्या हाताखाली कामाला लागले. पोर्तुगालच्या बाईंचं उत्तर आलं : काकांना तुमचं पत्र वाचून दाखवलं, दुसऱ्या कानाशी मोठ्यानं. ते काही बोलले नाहीत. त्यापुढं काहीच नव्हतं. क्षमा केली असंही नाही.

महांतेशला अजून मोकळं वाटत नव्हतं. मोबाईल थरथरला की हात जायचा. कुणाची अडचण दिसली की उत्तर जिभेवर यायचं, आणि करायला काही नसायचं. एकदा धम्मप्रियानं कुणाला तरी दिलेलं उत्तर चुकीचं होतं. त्याला दिवसभर चैन पडलं नाही. अखेर त्यानं खाली, कुणीही लिहितं तसं, दोन ओळींत काय चुकलंय ते लिहिलं. तासाभरानं तिचं उत्तर आलं : बरोबर, बदलते, धन्यवाद. परक्या माणसाला देतात तसंच. त्यानं ते पुन्हा पुन्हा वाचलं.

"आता तरी सुटल्यावानी वाटतंय का?" मंजुषानं दुपारचा डबा काउंटरवर ठेवत विचारलं.

"न्हाई."

"वाटंल." तिनं डबा उघडला, भाकरीवर ठेचा वाढला आणि त्याच्या हातातला मोबाईल काढून स्वतःच्या पिशवीत टाकला. महांतेशनं अडवलं नाही. जेवताना दोनदा त्याचा हात रिकाम्या खिशाकडं गेला.